रानकोंबड्याची मान आणि रंगाचा एक ठिपका

(या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे 'अं…' आणि अडखळणं काढलंय, बाकी जवळपास बोलले तसंच ठेवलंय.)

कानात हेडफोन असतील तर एक काम करा. फोनवर 'राखी रानकोंबडा' असं शोधा आणि त्याच्या मानेचा फोटो मोठा करून बघा. मी थांबते.

दिसले ठिपके?

मागच्या पावसाळ्यानंतर ताम्हिणीत गाडीसमोरून एक रानकोंबडा आडवा पळाला. मी पटकन फोन काढला, तीन फोटो हलले, चौथा बरा आला. घरी येऊन झूम केलं तर मानेवर पांढरे-पिवळे चकचकीत ठिपके. ओळीनं. असं वाटावं की कुणीतरी टूथपिक रंगात बुडवून निवांत एकेक ठिपका टेकवत बसलंय. माझी भाची म्हणाली, "आत्या, हा रंगवलाय का कुणी?" तिचं चुकलं नव्हतं. आजचा भाग तिच्या त्या प्रश्नावरच आहे. कारण या पक्ष्याला कुणी रंगवलेलं नसलं, तरी जगात हजारो लोकांनी याच ठिपक्याची नक्कल करायला हातात रंग घेतलाय. तेही मासे पकडण्यासाठी.

आधी पक्षी. आपल्या गावठी कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत सापडतो. आपल्या सह्याद्रीत असतो तो त्याचा भाऊ, राखाडी. हा फक्त भारतात आढळतो, मुख्यतः दख्खनमध्ये आणि पश्चिम घाटात. पियेर सोनेरा नावाचा फ्रेंच प्रवासी अठराव्या शतकात भारतात फिरला, त्यानं याचं वर्णन केलं. पुढे १८१३ मध्ये याला शास्त्रीय नाव मिळालं ते सोनेराच्याच नावावरून: गॅलस सोनेराती. हा गावठी कोंबड्यासारखा लांबवून आरवत नाही. तुकड्यातुकड्यानं, खडबडीत ओरडतो. एक गंमत सांगते. २००८ मध्ये एका संशोधनात निघालं की पाळीव कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते जनुक या राखाडी भावाकडून आलंय. म्हणजे चिकनच्या दुकानात जे पिवळे पाय दिसतात, त्यात थोडा सह्याद्री आहे.

आता तो ठिपका. तो रंग नाही आणि मेणही नाही. पिसाच्या मधल्या काडीला दोन्हीकडे बारीक तंतू फुटलेले असतात ना, ते या जागी एकमेकांत मिसळून चपटे होतात आणि एक गुळगुळीत, कडक पापुद्रा तयार होतो. नखासारखा. नख आणि पीस दोन्ही केराटिनचीच. त्यामुळे फ्लाय बांधणारे लोक या पिसाला सरळ 'नेल', म्हणजे नखच म्हणतात. पाण्यात भिजलं तरी ते पिचपिचीत होत नाही, चमकत राहतं. गळाच्या दोन्ही बाजूंना एकेक लावलं की लांबून छोट्या माशाचा डोळा वाटतो.

फ्लाय म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. कोकणातल्या श्रोत्यांना गरवणं माहीत आहे. गरीला कोळंबीचा किंवा गांडुळाचा तुकडा लावायचा, पाण्यात सोडायचा, वाट बघायची. फ्लायमध्ये खायचं काही नसतंच. गळावर दोरा, पिसं, लोकर, केस बांधून एक खोटा किडा किंवा खोटी मासोळी बनवायची आणि माशाला फसवायचं. ती इतकी हलकी असते की तिच्या वजनावर ती लांब फेकली जाऊच शकत नाही. म्हणून दोरीच जड ठेवतात आणि चाबकासारखी हवेत फिरवून दोरीच्या जोरावर फ्लाय पुढे नेतात. सिनेमात बघितलं असेल, गुडघाभर पाण्यात उभा माणूस डोक्यावरून दोरीची वेटोळी काढतोय. तेच.

हा प्रकार किती जुना? साधारण इसवी सन २०० च्या सुमाराला ईलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या एका नदीवरची गोष्ट लिहिली आहे. तिथले लोक गळाला लाल लोकर गुंडाळायचे आणि त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं बांधायचे. त्या पिसांचा रंग तो मेणासारखा सांगतो. वाचताना मी थबकले. हा आपला रानकोंबडा नक्कीच नव्हे, तिथलाच कुठला तरी घरचा कोंबडा. पण सुमारे अठराशे वर्षांपूर्वीसुद्धा फ्लाय बांधणाऱ्याची नजर कोंबड्याच्या मानेवरच गेली होती. पुढे १४९६ मध्ये इंग्लंडात गळानं मासे धरण्यावरचं एक पुस्तिकावजा लेखन छापलं गेलं. त्यात बारा फ्लाय दिल्यात आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी वेगवेगळ्या रंगांत कशी रंगवायची याच्या कृतीही आहेत. म्हणजे रंग होताच सुरुवातीपासून, पण दोरी आणि लोकर भिजवून रंगवायचा. ठिपका देण्याचा रंग अजून खूप लांब होता.

मग येतं एकोणिसावं शतक. ब्रिटिश साम्राज्य, आणि स्कॉटलंड-आयर्लंडच्या नद्यांतला सॅमन. इथे एक खुलासा. मुंबईच्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. खरा अटलांटिक सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. आणि नदीत शिरला की तो जवळपास खाणं बंद करतो. हे लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत इथे आहे. जो मासा खातच नाही, त्याला काय खायला आवडेल हे ठरवायचं कसं? उत्तर कुणाकडेच नव्हतं. आणि उत्तर नसलं की श्रीमंतांना मोकळं रान मिळतं.

व्हिक्टोरियन काळातल्या सॅमन फ्लाय बघितल्यात का कधी? दागिने वाटतात. जॉर्ज केल्सन नावाच्या माणसानं १८९५ मध्ये 'द सॅमन फ्लाय' नावाचा ग्रंथ काढला. त्यात शेकडो फ्लायच्या कृती, आपल्या रुचिरासारख्या, अमुक चिमूट हे, तमुक दोन ते. फक्त जिन्नस म्हणजे जगभरचे पक्षी. टूकान, मकाव, बस्टर्ड, निळा चॅटरर. 'इंडियन क्रो' नावाचाही एक जिन्नस होता. ऐकून वाटतं आपला कावळा. तर नाही, तो दक्षिण अमेरिकेतला लाल गळ्याचा एक पक्षी. बाजारातल्या नावांवर तेव्हाही विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. पण 'जंगल कॉक' मात्र खरोखर आपला होता. जॉक स्कॉट ही त्या काळातली सगळ्यात गाजलेली फ्लाय. तिच्या दोन्ही बाजूंना रानकोंबड्याचं नख लागतं. इतर कितीतरी फ्लायमध्येही तसंच. बाकी सगळं बांधून झालं की शेवटी गालावर ही दोन नखं.

लंडन ही तेव्हा जगाच्या पिसांच्या व्यापाराची राजधानी होती. मोठं गिऱ्हाईक अर्थात गळवाले नव्हते, तर बायकांच्या टोप्या बनवणारे होते. टोपीवर बगळ्याचे तुरे, टोपीवर अख्खा पक्षी. याविरुद्ध इंग्लंडात पहिली नेटानं उभी राहिली ती बायकांचीच संघटना. १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसननं ती सुरू केली. आज ती आरएसपीबी म्हणून ओळखली जाते. भारतात १९०२ मध्ये सरकारनं पक्ष्यांची पिसं आणि कातडी परदेशी पाठवायला बंदी घातली. ब्रिटनमध्ये आयातबंदीचा कायदा यायला १९२१ उजाडलं. मधली एकोणीस वर्षं बघा. माल जिथून निघतो तिथे बंदी आणि जिथे विकला जातो तिथे दुकान उघडं. अशा वेळी चोरवाटा तयार होतात, आणि झाल्याच.

टोप्यांची फॅशन गेली. फ्लायची नाही गेली. उलट रानकोंबड्याचं पीस अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोचलं, आणि तिथे त्याला प्रसिद्ध करणारी बाई चक्क टोप्या बनवणारी होती.

कॅरी स्टीव्हन्स. अमेरिकेच्या मेन राज्यात अप्पर डॅम नावाच्या ठिकाणी राहायची, नवरा मासेमारीचा वाटाड्या. १ जुलै १९२४ या दिवशी घरातली कामं अर्धवट टाकून ती स्वतः बांधलेली नवी फ्लाय घेऊन धरणाखाली गेली आणि तिनं ६ पौंड १३ औंसांचा ब्रूक ट्राउट धरला. म्हणजे ३ किलोहून थोडा जास्त. त्या जातीसाठी हे प्रचंड आहे. 'फील्ड अँड स्ट्रीम' मासिकाच्या स्पर्धेत त्या माशाला दुसरं बक्षीस मिळालं आणि तिच्याकडे ऑर्डरी यायला लागल्या. फ्लाय बांधताना गळ धरून ठेवायला छोटा व्हाइस वापरतात. ही बाई व्हाइसशिवाय, नुसत्या बोटांत धरून बांधायची. टोप्यांवर पिसं बसवणाऱ्या बोटांना सवय होती. तिची 'ग्रे घोस्ट' ही फ्लाय जगभर गेली. करडी लांब पिसं, लहान मासोळीसारखा आकार, आणि गालावर रानकोंबड्याचा डोळा. मेनच्या थंडगार तलावात सह्याद्री-निलगिरीतल्या पक्ष्याची मान. मला हे चित्र फार विचित्र वाटतं, आणि सुंदरही वाटतं, खोटं कशाला बोलू.

आता तुम्ही म्हणाल, एवढासा ठिपका, रंगानं का नाही दिला कुणी? मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर रंगाच्या रसायनात आहे.

जुना रंग म्हणजे तेलरंग. जवसाच्या तेलात रंगाची पूड. हे तेल वाळायला दिवसेंदिवस घेतं, कारण ते नुसतं सुकत नाही, तर हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. पिसाच्या टोकावर तेलाचा ठिपका दिला तर तेल तंतूंमध्ये पसरत जाणार आणि पीस चिकट होणार. फ्लायच्या डोक्यावर दोऱ्याची गाठ पक्की करायला वॉर्निश लावायचे, स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख वगैरे. ते पटकन वाळायचं, पण ते पारदर्शक, त्याचा काम गाठ सांभाळण्यापुरतंच. फुटलेलं नख सांधायलाही वॉर्निशचा थेंब वापरतात, कारण ही नखं मधोमध फार चिरतात.

गाडी बदलली ती, अक्षरशः, गाड्यांमुळे. १९२० च्या दशकापर्यंत मोटारीला रंग द्यायचा म्हणजे थरावर थर आणि वाळवण्यात आठवडे. १९२३ मध्ये ड्यूपाँट कंपनीनं 'ड्यूको' नावाचा रंग आणला. नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ, द्रावकात विरघळवलेला. द्रावक उडून जातं, मागे कडक चकचकीत थर राहतो, तासाभरात काम तमाम. हेच रसायन छोट्या बाटलीत आणि छोट्या ब्रशवर आलं आणि त्याला आपण म्हणतो नेलपॉलिश. बघा कसं फिरून आलं. पिसातलं 'नख' नक्कल करायला नखाचाच रंग. असा झटपट वाळणारा, घट्ट, चमकदार रंग हाताशी आल्यावर फ्लायवर डोळा काढणं खऱ्या अर्थानं शक्य झालं.

आधी तो पिसावर नाही आला. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेनेसीतला अर्नेस्ट पेकिनपॉ बुचाचे तुकडे कोरून पाण्यावर तरंगणारी आमिषं बनवायचा. अशा बुचाच्या, लाकडाच्या अंगाला रंग द्यावाच लागतो, त्याशिवाय ते दिसायला बूचच. मग डोळेही आले. १९६० च्या दशकात कीथ फल्शर नावाच्या माणसानं 'थंडर क्रीक' नावाची मालिका बांधली. हरणाच्या शेपटीचे केस उलट्या दिशेनं बांधायचे, मागे वळवून घट्ट आवळायचे की पुढे मासोळीचं गोल डोकं तयार होतं. त्यावर कडक लेप. आणि लेपावर रंगानं डोळा, आधी फिक्या रंगाचा मोठा ठिपका, वर काळं बुबुळ. १९७३ मध्ये त्यानं यावर पुस्तकही काढलं. इथे रानकोंबडा कुठेच नाही. हा डोळा पिसाची नक्कल नाही, तो थेट माशाच्या डोळ्याची नक्कल आहे. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. इतके दिवस लोक पक्ष्याच्या मानेवर माशाचा डोळा शोधत होते. या माणसानं सरळ डोळाच काढला.

आणि नेमक्या याच काळात आपल्याकडचं दार बंद झालं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारतातून रानकोंबड्याच्या मानांची निर्यात थांबली, आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. ज्या मानेचा अख्खा तुकडा फ्लायच्या दुकानात सहज टांगलेला असायचा, तो दुर्मिळ झाला आणि भाव वर गेले. ब्रिटन-अमेरिकेत काही लोकांनी बंदिस्त जागेत हे पक्षी वाढवायला सुरुवात केली, आज कायदेशीर बाजारात मिळतं ते पीस अशा पाळलेल्या पक्ष्यांचं. पण ते स्वस्त कधीच झालं नाही.

मग लोक काय करायला लागले? कुणी साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंगचं ठिपक्याचं पीस घेऊन त्यावर वॉर्निश चढवलं. कुणी गिनी फाउलचं. कुणी प्लास्टिकवर छापलेले डोळे चिकटवले. आणि कुणी साधं कोंबडीचं काळं पीस घेतलं, त्याला कात्रीनं नखाचा आकार दिला, आणि टाचणीच्या डोक्यानं रंगाचा थेंब टेकवला. एक पांढरा, त्याखाली एक पिवळा.

या शेवटच्या मंडळींवर माझा जीव आहे.

त्यांच्या हातात तोवर आणखी एक नवा रंग आला होता. अॅक्रिलिक. १९५३ मध्ये रोम अँड हास कंपनीनं पाण्यात मिसळणारं अॅक्रिलिकचं दुधाळ मिश्रण बाजारात आणलं आणि १९५५ मध्ये अमेरिकेतच 'लिक्विटेक्स' नावानं चित्रकारांसाठी पाण्यात कालवता येणारा रंग निघाला. यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटून एक सलग पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. ओला असताना ब्रश नळाखाली धुता येतो, वाळल्यावर फ्लाय नदीत बुडवता येते. वास नाही, डोकं चढत नाही, बाटली स्वस्त. हाच रंग पुढे क्राफ्टच्या छोट्या बाटल्यांत आला, भांडी-कुंड्या, लाकडी खोकी, टी-शर्ट रंगवायला. आपल्याकडे दांडेकर बंधूंच्या कॅमलिननं १९३१ मध्ये शाईच्या पुडीपासून सुरुवात केली होती, आज त्याच 'कॅमल'च्या अॅक्रिलिकच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळतात. शाळेत कुंडी रंगवताना तुम्ही वापरलेला रंग आणि परदेशातला एखादा गळवाला फ्लायचे डोळे काढायला वापरतो तो रंग, दोघांचं कूळ एकच.

मी प्रयोग केला. भागासाठी करावाच लागला. मासा धरायचा नव्हता, फक्त ठिपका द्यायचा होता. चिकन आणायला गेले तेव्हा दुकानदाराकडे काळ्या कोंबडीची चार पिसं मागितली. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

पहिली चूक, ब्रश. ब्रशनं ठिपका होतच नाही, पुसट फटकारा होतो. टूथपिकचं टोकही नको, त्याची मागची बोथट बाजू किंवा टाचणीचं डोकं हवं. रंग घट्ट असेल तर तो आपोआप गोल होतो, पातळ असेल तर तंतूंमधून पळतो. दुसरी चूक, घाई. पिवळा ओला असताना वर काळा ठेवला की डोळा नाही, मोतीबिंदू होतो. तिसरी चूक माझी खास. नेलपॉलिशनं डोळा काढला, वाळला, छान दिसला, आणि वर चमक यावी म्हणून पारदर्शक नेलपॉलिशचा हात फिरवला. त्यातल्या द्रावकानं खालचं बुबुळ पुन्हा विरघळवलं आणि काळा ओघळ गालभर. मासोळीनं काजळ घालून रडावं तशी. जुन्या फ्लाय बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. खालचा रंग एका प्रकारचा, वरचा लेप दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे एकमेकांना खात नाहीत. अॅक्रिलिकचा ठिपका पूर्ण वाळू द्यायचा आणि त्यावर इपॉक्सी किंवा अतिनील प्रकाशात घट्ट होणारी राळ.

अॅक्रिलिकची एक खोड मात्र आहे. पाणी उडालं की थेंब बसतो. ओला असताना फुगीर, वाळल्यावर चपटा. खऱ्या नखाला जो उठाव असतो तो येत नाही. यावर उपाय म्हणून काही फ्लायवाले कापडावर नक्षी काढायचा जाडसर उठावाचा रंग वापरतात. तुम्ही दिवाळीच्या पणत्यांवर थ्रीडी आउटलायनर वापरलाय? तोच प्रकार. ट्यूब दाबायची, मोत्यासारखा थेंब ठेवायचा, हात लावायचा नाही. माझं सातवं पीस त्याच्यानं झालं आणि ते, लांबून, डोळे बारीक करून, बरं दिसतं.

रंगवलेला डोळा आज इतका रुळलाय की त्याची बातमी होत नाही. १९८७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझरनं डंबेलच्या आकाराचे शिशाचे डोळे गळावर बांधून 'क्लाउझर मिनो' केली, त्या शिशाच्या गोळ्यांवर रंगाची बुबुळं असतात. आता शिसं पाण्याला आणि पाणपक्ष्यांना वाईट, म्हणून बरेच लोक पितळेकडे आणि टंगस्टनकडे वळलेत. रंग तसाच राहिला.

आता खरा वादाचा मुद्दा. माशाला फरक पडतो का? ट्राउटला रंग दिसतात हे खरं. शिकारी मासे डोळ्यावर नेम धरतात असं अनेक गळवाले छातीठोक सांगतात. पण बिनडोळ्याच्या फ्लायलाही मासे लागतातच, रोज लागतात. आणि सॅमन तर जेवायलाच आलेला नसतो. नख खरं आहे की कोंबडीच्या पिसावर टेकवलेला थेंब, हे ओळखणारा प्राणी त्या नदीत एकच असतो, आणि तो काठावर उभा असतो.

तरीही खरं पीस हवंच असणारे लोक आहेत, आणि हे हवंसं वाटणं कुठवर जातं ते २००९ मध्ये दिसलं. २४ जून २००९ च्या रात्री इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या पक्षिसंग्रहात एक २० वर्षांचा अमेरिकन विद्यार्थी खिडकी फोडून शिरला. बासरी शिकायला लंडनला आलेला, आणि व्हिक्टोरियन सॅमन फ्लाय बांधण्यात वाकबगार. त्यानं २९९ पक्ष्यांची वाळवलेली कातडी सूटकेसमध्ये भरून नेली. त्यातली काही आल्फ्रेड रसेल वॉलेसनं जमवलेली होती. हाच तो वॉलेस, ज्यानं डार्विनच्या बरोबरीनं उत्क्रांतीचा सिद्धांत मांडला. पोरगा पकडला गेला, त्याला एक वर्षाची शिक्षा झाली, तीही स्थगित. तोवर कितीतरी पक्ष्यांची पिसं उपटून फ्लायवाल्यांना विकली गेली होती, कितीतरींच्या पायाचे कागद, म्हणजे कुठे, कधी, कुणी पकडला याची नोंद, नष्ट झाली होती. ती नोंद नसेल तर संशोधकाला तो नुसता सुंदर मेलेला पक्षी. कर्क वॉलेस जॉन्सनचं 'द फेदर थीफ' हे २०१८ चं पुस्तक या प्रकरणावर आहे, जरूर वाचा. त्यातली मला सगळ्यात बोचलेली गोष्ट ही, की अशा फ्लाय बांधणाऱ्या बऱ्याच लोकांना मासेमारी येतही नाही. फ्लाय पाण्याला कधी लागतच नाही. काचेच्या चौकटीत जाते.

मला त्यांची कला कळते. दीड इंचाच्या गळावर वीस-पंचवीस जिन्नस बसवणं ही साधना आहे, यात वाद नाही. आणि रंगवलेला ठिपका त्यांच्या डोळ्यांना खुपतो हेही कळतं, पैठणीत एक नायलॉनचा धागा सापडावा तसं होत असेल. पण पैठणीसाठी कुणाची मान लागत नाही. शिवाय मूळ जॉक स्कॉट काही देवानं दिलेली नव्हती. त्या काळात लंडनच्या दुकानात जे मिळत होतं ते त्यांनी वापरलं. आपल्या काळात स्टेशनरीच्या दुकानात थ्रीडी आउटलायनर मिळतो.

हे बोलून झाल्यावर भाचीला माझं सातवं पीस दाखवलं. तिनं फोनमधला ताम्हिणीचा फोटो काढला, पीस बाजूला धरलं, बराच वेळ बघितलं. म्हणाली, "याचा पिवळा जरा जास्त झालाय." खरं होतं. आठव्यात थोडा पांढरा मिसळलाय. तो अजून वाळतोय, हात लावायचा नाही.